दारात कॅरलवाले उभे राहिले की आपण नक्की करायचं काय?

कोपऱ्यातला_फ्लॅट | ८ डिसेंबर, रात्री ९:४०

नाताळ जवळ आला म्हणून धागा आत्ताच काढते. पंचवीस तारखेनंतर उत्तरं येऊन उपयोग नाही.

आम्ही कोल्हापुरात न्यू शाहूपुरीत राहतो. समोरच्या फ्लॅटमधलं कुटुंब ख्रिस्ती आहे. डिसेंबरात त्यांच्याकडे चर्चची मंडळी कॅरल, म्हणजे नाताळची गाणी, म्हणायला येतात आणि त्यांचं आटोपलं की आमचीही बेल वाजते. एकाच मजल्यावर एका दारात गायचं आणि दुसऱ्याला पाठ दाखवून जिना उतरायचा हे त्यांना बरं वाटत नसणार. माणसं गोड, गातातही सुरेख. तक्रार अजिबात नाही. अडचण सगळी माझी.

वीसेक जण जिन्यात दाटीवाटीनं उभे, सेफ्टी डोअरच्या आत मी, मध्ये दोन हातांचं अंतर. गिटार सुरू झाली की माझ्या लक्षात येतं, आपल्या चेहऱ्याचं काय करायचं हेच आपल्याला ठाऊक नाही. बघू कुणाकडे? गाणाऱ्याच्या डोळ्यांत बघितलं की तोही लाजतो, मीही. हाताची घडी घातली की गाण्याच्या स्पर्धेची परीक्षक दिसते, कमरेवर ठेवले तर भांडायला निघाल्यासारखी. हसरा चेहरा दुसऱ्या कडव्यापर्यंत टिकतो, मग गाल दुखायला लागतात. गेल्या वर्षी नेमकी त्याच वेळी कुकरची शिट्टी झाली. गॅस बंद करायला आत जावं तर गाणं सोडून गेल्यासारखं, थांबावं तर डाळ करपणार. नवरा बनियनवर बेडरूममध्ये अडकलेला, कारण आमच्या बेडरूमचं दार थेट हॉलमध्ये उघडतं. अख्खा कार्यक्रम होईपर्यंत आतून ‘गेले का?’ असे मेसेज येत होते.

आत बोलवायचं का? पैसे द्यायचे असतात का? खायला काय द्यायचं? प्रत्येक कडव्यानंतर टाळ्या वाजवायच्या की शेवटी एकदाच? जाणकारांनी सांगा.

---

पेठकर | ८ डिसेंबर, रात्री १०:०५

ताई, तुमचं बरं हाय की. आमच्या पेठेत पाचाच्या वर माणसं दारात दिसली की हात आपोआप खिशाकडं जातोय. तालीम मंडळाची वर्गणी, दुसरं काय!

पाव्हण्यांच्याकडं रुईकर कॉलनीत गेलोवतो. संध्याकाळी अशीच गाणारी मंडळी आली. दार उघडलं आमच्या पप्पांनी. समोर गर्दी बघून त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, “कुठली तालीम?” त्यातलं एक पोरगं म्हणालं, “काका, चर्चचे आहोत.” पप्पा म्हणाले, “असूंदे की. पावती कुणाच्या नावानं फाडणार ते सांग.” पोरगं गप. मग पेटीवाल्यानं सूर धरला, तवा पप्पांच्या ध्यानात आलं की हे मागायला न्हाई, गायला आल्यात. तिथनं पुढं ते असे ताठ उभारले, राष्ट्रगीत चाललंय म्हणावं.

---

घाटीदरवाजा | ८ डिसेंबर, रात्री १०:५०

पेठकर, हसून हसून पुरेवाट.

पण कोपऱ्यातला_फ्लॅट, तुमचा प्रश्न मला नुसता विनोदी वाटत नाही. दारात येऊन गाणारे आपल्याला नवे आहेत का? वासुदेव यायचा, मोरपिसांची टोपी, हातात चिपळ्या. पिंगळा पहाटे यायचा. आमच्या सासरी लग्नानंतर गोंधळ असतोच. हादग्याला तर पोरी रोज एकेकीच्या दारात. यातल्या एकाही वेळी ‘मी आता काय करू’ असं कुणाला वाटत नाही, कारण घरातल्या माणसाला काम ठरवून दिलेलं असतं. वासुदेवाला सुपातून जोंधळे घालायचे. गोंधळ्यांचा चौक मांडायचा, दिवटीला तेल घालायचं. हादग्याला खिरापत झाकून ठेवायची आणि पोरींनी ‘तिखट का गोड’ विचारत ओळखेपर्यंत ताणून धरायचं. गणपतीत गल्लीतली माणसं आरतीला आली की घरचा माणूस ताट धरतो, बाकीचे टाळ्या वाजवतात. अगदीच काही नाही तर कापराला काडी लावायची असते.

कॅरलवाले आपल्याला काहीच काम देत नाहीत. गाणं त्यांचं, वाद्यं त्यांची, प्रार्थनाही त्यांचीच. आपण नुसते श्रोते, आणि श्रोता म्हणून बसायला खुर्चीसुद्धा नाही. अवघडायला होणारच.

माझं मत विचाराल तर स्वतःच काम काढून घ्या. सेफ्टी डोअर पूर्ण उघडा, आधी तेवढं करा. जाळीतून गाणं ऐकणं वाईट दिसतं.

---

मुद्देसूद | ९ डिसेंबर, सकाळी ७:२०

वेगळं मत मांडतो, राग नसावा.

घर माझं, संध्याकाळ माझी. न विचारता बेल वाजवून कुणी काहीही ऐकवावं हे मला पटत नाही, मग कॅरल असो, प्रचारफेरी असो, नाहीतर गणपतीची वर्गणी. माणूस दमून आलेला असतो, घरात आजारी माणूस असतो, दहावीचं पोर असतं. ‘गोड लोक आहेत’ म्हणून नकार देता येत नाही, हीच तर अडचण. शिवाय यात आडून धर्मप्रचार नाही असं कुणी छातीठोक सांगू शकेल का? आणि हे फॅड आलं कधी? आमच्या लहानपणी मी पाहिलेलं नाही.

---

सुरपेटी | ९ डिसेंबर, दुपारी १:१५

शेवटी मला लिहायला लागणारच होतं. मी जिन्यातल्या बाजूचा माणूस. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, तरुण संघाबरोबर गातो, पेटी वाजवतो.

आधी मुद्देसूद यांच्यासाठी. फॅड म्हणाल तर रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले १८५२ साली. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथंच जन्मला. न्यू शाहूपुरीतलं वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. आमच्या घरात नाताळची गाणी पणजोबांच्या वेळेपासून आहेत. तुमच्या गल्लीत आमच्यापैकी कुणाचं घर नसेल, म्हणून तुम्ही पाहिली नसतील. आम्ही वाटेल त्या दारात जात नाही. मंडळीतल्या घरांची यादी असते, भागानुसार संध्याकाळी वाटलेल्या असतात: एक दिवस कदमवाडी, एक दिवस कसबा बावडा, असं. शेजाऱ्यांच्या दारात जायचं ते त्या घरच्यांनी सांगितलं तरच. कोपऱ्यातला_फ्लॅट, म्हणजे तुमच्या समोरच्यांनीच तुमचं नाव दिलेलं असणार. आणि प्रार्थना आम्ही आपल्या मनानं सुरू करत नाही. ‘घरासाठी प्रार्थना केलेली चालेल का?’ असं विचारतो. नको म्हटलं तर शुभेच्छा देऊन पुढं निघतो, कुणाचं तोंड वाकडं होत नाही. लाउडस्पीकर नसतो, पेटी आणि गिटार तेवढी. तरी दहाच्या आत आवरतो, लहान मुलं बरोबर असतात.

आता अवघडण्याबद्दल. तुम्हाला काय वाटतं, ते फक्त दाराच्या आत असतं? एका घरी टीव्हीचा आवाज बंद केला, पण टीव्ही तसाच. आम्ही आनंदाचं गाणं गातोय आणि मागं पडद्यावर सासू रडतेय. सगळ्या सोप्रानो, म्हणजे वरच्या पट्टीत गाणाऱ्या बायका, तिकडं बघत गात होत्या. एका बंगल्यात कुत्र्यानं असा सूर लावला की आमच्या टेनरना, म्हणजे उंच आवाजाच्या पुरुषांना, पट्टी सोडावी लागली. मोबाइलवर शूटिंग करणारे तर हमखास. आपण समोर गातोय आणि तो माणूस आपल्याला पडद्यात बघतोय.

सगळ्यात कठीण प्रसंग राजारामपुरीतला. आमचा सांता म्हणजे अकरावीतलं पोरगं, कापसाची दाढी डिंकानं चिकटवलेली. घरातल्या आजींना पाहुणा फारच आवडला. त्या आत गेल्या आणि निरांजन लावून औक्षणाचं ताट घेऊन आल्या. आजी ताट ओवाळत हनुवटीपाशी आल्या की पोरगं मान मागं घेणार. आजी आणखी पुढं सरकणार. पोराची पाठ जिन्याच्या कठड्याला टेकली. आम्ही गातोय, पण ताल कुणाच्या ध्यानात नाही, सगळ्यांची नजर त्या वातीवर. शेवटी आमच्या एका काकूंनी पुढं होऊन दाढीच खाली ओढली. आजी म्हणाल्या, “अगं बाई, हे तर मिसरूडसुद्धा न फुटलेलं लेकरू!” आणि त्याला आत नेऊन बेसनाचा लाडू दिला. कुंकू लावून घ्यायचं की नाही हा प्रश्न आम्हाला पडला होता. आजींना काहीच पडला नव्हता.

घाटीदरवाजा ताईंनी म्हटलं ते खरं, आम्ही घरच्यांना काम देत नाही. पण एक सांगतो. आम्ही कार्यक्रम करायला येत नाही. बाळ जन्मल्याची बातमी सांगायला येतो, गाण्याचा विषय तेवढाच. कुणी पेढे घेऊन दारात आलं तर तुम्ही हात कुठं ठेवायचे याचा विचार करता का? ‘अरे वा, या, या’ म्हणता. तेवढं पुरतं. टाळ्या नाही वाजवल्या तरी चालतात.

---

कोपऱ्यातला_फ्लॅट | ९ डिसेंबर, दुपारी ३:३०

सुरपेटी, निरांजन वाचून ऑफिसात मोठ्यानं हसले, शेजारचे बघायला लागले.

समोरच्या काकूंनी आमचं नाव यादीत दिलं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी आपली समजत होते की समोरच्यांचा पाहुणचार चुकून आमच्याकडे सांडतो.

पैशांचं मात्र राहिलं. मी पाकीट तयार ठेवते आणि मग ते हातातच राहतं. द्यावं तर भाड्यानं गायला बोलावल्यासारखं, न द्यावं तर कंजूष.

---

सुरपेटी | ९ डिसेंबर, दुपारी ३:५५

आमच्याकडं डबा असतो, पण तो मंडळीच्या सभासदांच्या घरीच पुढं होतो. त्याचा हिशेब चर्चमध्ये लागतो. तुमच्यासारख्या घरी आम्ही मागत नाही. आपण होऊन दिलं तर खजिनदार ते घेतात आणि वहीत लिहितात. सगळ्या ग्रुपांची रीत एकच असेल असं नाही, आमची सांगितली.

एकावन्न रुपये, वर सुपारी, असं पानावर ठेवून देणारं एक घर आहे, दरवर्षी. सुपारी आमचे पाळकसाहेब खातात.

---

टेम्सकाठचा | ९ डिसेंबर, संध्याकाळी ७:१०

(मूळचा ताराबाई पार्क, सध्या इंग्लंड.)

जिथून ही पद्धत आली तिथल्या लोकांना तरी दारात कसं उभं राहायचं हे कळतं, असा कुणाचा समज असेल तर तो काढून टाका. इथले शेजारी गाण्याचा आवाज गल्लीच्या टोकाला आला की हॉलचा दिवा घालवून सोफ्याच्या मागे बसतात. मी स्वतः बघितलंय, कारण मी त्यांच्याकडेच जेवायला गेलो होतो आणि मलाही बसवलं. आता दारोदार फिरणं कमीच झालंय. गाणारे स्टेशनवर, सुपरमार्केटच्या तोंडाशी उभे राहतात, शेजारी संस्थेची बादली. तिथं ऐकणारा चालता चालता नाणं टाकतो आणि सुटतो.

घाटीदरवाजा यांचा ‘काम’ हा मुद्दा इथंही लागू होतो. जुन्या काळी इथं गाणारे घरोघर फिरायचे ते मोठा कटोरा घेऊन. घरवाल्यानं त्यात गरम, मसाला घातलेलं पेय भरायचं, खाऊ द्यायचा. म्हणजे त्याला काम होतं. सतराव्या शतकात प्युरिटन मंडळींची सत्ता आली तेव्हा त्यांनी तर नाताळ साजरा करण्यावरच बंदी घातली होती, धांगडधिंगा फार होतो म्हणून. मुद्देसूद, तुमचे पूर्वज इथले की काय?

पुढे एकोणिसाव्या शतकात कॅरल चर्चच्या आत बसली. ट्रुरो गावच्या बिशपनी २४ डिसेंबर १८८० रोजी बायबलची वाचनं आणि कॅरल अशी उपासना बांधली. कॅथीड्रलचं बांधकाम चालू होतं, म्हणून ती झाली लाकडी शेडमध्ये. नाताळच्या आदल्या रात्री माणसं दारूच्या गुत्त्याकडे वळू नयेत हा हेतू होता असं सांगतात. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजनं ती १९१८ मध्ये उचलली, १९२८ पासून रेडिओवर आली. आता लोक घरी चहा पीत ऐकतात, चेहऱ्याचा प्रश्नच नाही.

---

मुद्देसूद | ९ डिसेंबर, रात्री ८:००

माझे पूर्वज गडहिंग्लजचे. तरी सुरपेटी यांनी नीट उत्तर दिलं त्याबद्दल आभार. यादी असते आणि प्रार्थनेआधी विचारतात हे मला माहीत नव्हतं. बेल वाजवण्याआधीसुद्धा विचारावं हे माझं म्हणणं मात्र कायम आहे. एक मेसेज टाकायला काय जातं?

---

घाटीदरवाजा | ९ डिसेंबर, रात्री ८:२५

मेसेजचं बरोबर आहे, मीही मुद्देसूदांच्या बाजूनं. त्यात मार्गशीर्षातले गुरुवार डिसेंबरातच येतात. घट मांडलेला, कहाणी वाचायची, संध्याकाळी सवाष्णी हळदीकुंकवाला, त्याच वेळी जिन्यात वीस माणसं. दोघांचीही पंचाईत. आमच्याकडे एकदा तसं झालं, तेव्हा सवाष्णी आणि कॅरलवाले सगळ्यांना एकच मसाला दूध दिलं. एका मुलीनं जाताना व्रताची पुस्तिकासुद्धा नेली. ती आपली तिला गाण्याचं पुस्तक समजली.

धर्मप्रचाराचं म्हणाल तर मिरजेला मिशनरी डॉक्टर वॉनलेसांनी १८९४ मध्ये दवाखाना काढला, तिथं आमच्या घरातली ऑपरेशनं झाली आहेत. माणसं बरी होऊन घरी आली आणि अंबाबाईलाच गेली. दोन गाण्यांनी कुणाचं काय होतंय!

---

वसईची_पोर | ९ डिसेंबर, रात्री ९:४५

आमच्याकडे वसईत उलटी गंमत. गावंच्या गावं ख्रिस्ती, त्यामुळे ‘आमच्याकडे का नाही आले’ यावरून रुसवे. लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा दारात कुणी गायला येईना, म्हणून पहिल्या नाताळला मीच चांदणी लावून गॅलरीत उभी. मुद्देसूद, कुणीच न आल्याचंही अवघडलेपण असतं हो.

---

चुलवण | १० डिसेंबर, सकाळी ६:३०

सगळं बोलून झालं, खाण्याचं कुणी बोलंना. कोल्हापूरचे का कोण तुम्ही?

वीस माणसं, तीही गात फिरणारी. तेलकट देऊ नका, घसा धरतो. फरसाण, भडंग नकोच, जिन्यात सांडतंय आणि तोंडात दाणा असताना गाता येत नाही. केक ते स्वतःच्या घरी खाऊन कंटाळलेले असतात. चार लिटर म्हशीचं दूध आणा, गंगावेशीत ताजं मिळतंय, त्यात सुंठ आणि वेलदोडा. सध्या गुऱ्हाळं चालू आहेत, नवा गूळ आहे. पण गूळ उकळत्या दुधात टाकू नका, फाटेल. दूध खाली उतरवून जरा निवलं की मग चिरलेला गूळ. आणि कप कागदाचे आणा. काचेचे ग्लास धरून माणूस गिटार कुठं ठेवणार?

---

सुरपेटी | १० डिसेंबर, सकाळी ९:१०

चुलवण, तुम्ही आमच्यातलेच वाटता. घसा धरतो हे बाहेरच्या कुणाला सुचत नाही. सोळा घरांत सोळा वेळा करंजी खाऊन आम्ही शेवटच्या घरी नुसते ओठ हलवतो.

मेसेजची सूचना ग्रुपवर टाकली. मान्य झाली. यंदा शेजाऱ्यांना आदल्या दिवशी विचारणार.

आणि ‘काम’ हवं असेल त्यांच्यासाठी: यंदा गाण्यांचे कागद जास्तीचे छापतोय. निम्मी गाणी मराठीच आहेत. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) भजन-अभंगाच्या वळणानं पुष्कळ पदं लिहिली, ती परंपरा आमच्यात अजून आहे. धृपद दोनदा ऐकलं की कुणालाही म्हणता येतं. एक पाळणाही आहे, बारशाला म्हणतात त्याच ठेक्यातला. कागद हातात असला की डोळे कुठं ठेवायचे हा प्रश्न मिटतो. आम्ही सगळे त्यासाठीच कागद धरतो, गाणी पाठ असतात.

---

कोपऱ्यातला_फ्लॅट | १० डिसेंबर, दुपारी १२:४०

हे गुपित आधी सांगायचं ना! मला कागद ठेवा. नवऱ्यालाही एक, तो यंदा शर्ट घालून बसणार आहे असं त्यानं कबूल केलंय. दुधाचं ठरलं. कुकर सातच्या आत लावून मोकळी होते.

---

पेठकर | १० डिसेंबर, दुपारी २:२०

सुरपेटी भावा, एक विचारू का? आमचे पप्पा कालपासनं मागं लागल्यात. त्यांना वाजवायला येतंय, भजनी मंडळात तीस वर्षं मृदंग. तुमच्याकडं ढोलकी कोण वाजवतं?

---

सुरपेटी | १० डिसेंबर, दुपारी २:३५

वाजवणारा होता, नोकरीला पुण्याला गेला. म्हणून तर यंदा नुसती पेटी आणि गिटार. मृदंग जिन्यात फार घुमतो, काकांना खंजिरी चालेल का विचारा. बावड्याची फेरी शनिवारी आहे. साडेसहाला चर्चच्या फाटकापाशी या म्हणावं, तासभर आधी चाली बसवून घेऊ. कानटोपी आणायला सांगा, नदीकडनं वारं येतंय.

---

पेठकर | १० डिसेंबर, दुपारी २:५०

विचारलं. खंजिरी चालतीय म्हणाले. वर म्हणत्यात, पावतीपुस्तक कोण धरणार?